पहिली रात्र आणि तिसरा पावसाळा

सत्राच्या अखेरीस बेलापूर, नेरूळ आणि नवीन पनवेल इथल्या आर्किटेक्चर महाविद्यालयांत भिंती रिकाम्या राहत नाहीत. सगळीकडे शीट लागलेल्या असतात, टेबलांवर सनबोर्डाची मॉडेलं मांडलेली असतात आणि रात्रभर जागलेली मुलं ज्युरीची, म्हणजे काम तपासणाऱ्या परीक्षकांची, वाट पाहत असतात. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात या मुलांच्या हातून कागदावर बऱ्याच इमारती उभ्या राहतात. सुरुवात बसथांब्यासारख्या लहान कामाने होते. मग घर, बालवाडी, शाळा, वसतिगृह असं करत चौथ्या वर्षापर्यंत शेकडो घरांची वसाहत किंवा अख्खा महाविद्यालयीन कॅम्पस येतो. पाचव्या वर्षी स्वतः निवडलेला प्रबंध असतो. कुणी उरणच्या मिठागरांवर संग्रहालय घेतं, कुणी कोळीवाड्यासाठी मासळी बाजार, कुणी खाडीतल्या फ्लेमिंगोंसाठी निरीक्षण केंद्र. या रांगेत कुठेतरी एक छोटा प्रश्न येऊन जातो, आपत्तीतल्या निवाऱ्याचा. पूर आला आहे किंवा दरड कोसळली आहे, पन्नास कुटुंबांना छप्पर हवं आहे, काय कराल?

कॅम्पसला पूर्ण सत्र मिळतं. निवाऱ्याला बहुतेक ठिकाणी मिळतो आठ-दहा दिवसांचा ‘टाइम प्रॉब्लेम’. एक गंभीर वास्तुरचना आणि दुसरा कल्पकतेचा व्यायाम, अशी ही वाटणी मनात पक्की बसलेली आहे. माझ्या मते ती चुकीची आहे. महाराष्ट्रात आपत्ती आली की माणसं प्रत्यक्षात कॅम्पसमध्येच जातात: जिल्हा परिषदेच्या शाळेत, महाविद्यालयाच्या सभागृहात, नाही तर मंगल कार्यालयात. आणि तात्पुरता म्हणून उभारलेला निवारा पुढे अनेक वर्षं घर होऊन राहतो. विद्यार्थ्यांच्या कामाचा आढावा घ्यायचा तर या दोन गोष्टी डोळ्यांपुढे ठेवूनच घ्यायला हवा.

विद्यार्थ्यांच्या कामाला आपल्याकडे जुनी परंपरा आहे. १२ मे १९१७ रोजी मुंबईत जे. जे. कलाशाळेतल्या माजी विद्यार्थ्यांनी ‘आर्किटेक्चरल स्टुडंट्स असोसिएशन’ स्थापन केली. जॉर्ज विटेट तिचे पहिले अध्यक्ष. आजची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स ही देशव्यापी संघटना याच मंडळातून वाढली. पुढे जे. जे. मध्ये क्लॉड बॅटली यांनी विद्यार्थ्यांना जुन्या वास्तू फुटपट्टी लावून मोजायला शिकवलं. नवं काढण्याआधी उभं असलेलं मोजायचं, हा तो धडा. ‘मेझर्ड ड्रॉइंग’ म्हणून तो अजून सर्वत्र शिकवला जातो. कोकणातल्या वाड्याचा ओटा, ओटी, माजघर, पडवी, परसदार मोजताना मुलं जे शिकतात, ते वर्गात शिकवून येत नाही. दुर्दैव एवढंच की हा धडा दुसऱ्या-तिसऱ्या सत्रात संपतो आणि ‘डिझाइन’ सुरू झालं की मागे राहतो.

नवी मुंबईत शिकणाऱ्या मुलांना एक असा फायदा आहे जो पुण्या-नागपूरच्या मुलांना नाही. त्यांचं शहरच एका आराखड्यातून निघालं आहे. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या शहराची कल्पना १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकात मांडली. मार्च १९७० मध्ये सिडको हे शासकीय महामंडळ स्थापन झालं आणि ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर आखलं गेलं. म्हणजे खिडकीतून दिसणारा प्रत्येक नोड कुणाच्या तरी टेबलावर आधी रेषांत उमटलेला आहे.

पण याच गोष्टीने एक वाईट सवयही लावली आहे. इथे ‘साइट’ म्हटलं की सिडकोचा सपाट, आखीव, क्रमांक दिलेला भूखंड डोळ्यांपुढे येतो. खारघरचा एक सेक्टर, दोन बाजूंना रस्ते, तिसऱ्या बाजूला नाला. शेजारचं गावठाण नकाशात एक राखाडी डाग होऊन जातं. त्या गावठाणातल्या आगरी-कोळी कुटुंबांची भातखाचरं आणि मिठागरं या भूखंडांखाली आहेत. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला, जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले आणि त्या लढ्यातून पुढे विकसित जमीन परत देणारी साडेबारा टक्क्यांची योजना आली. वहाळ किंवा उलव्यात कॅम्पस काढणाऱ्या विद्यार्थ्याला हे माहीत नसेल, तर त्याचं साइट ॲनालिसिस अपुरं आहे, मग सूर्यभ्रमणाची आणि वाऱ्याची आकृती कितीही देखणी असो.

बेलापूरच्या डोंगरपायथ्याचं आर्टिस्ट्स व्हिलेज हे इथल्या प्रत्येक बॅचचं पहिलं तीर्थक्षेत्र. कोरियांनी १९८३ ते ८६ च्या दरम्यान हे केलं. सात घरं, मध्ये सुमारे आठ मीटर बाय आठ मीटरचं अंगण. असे तीन गट मिळून एकवीस घरं आणि त्यांचं मोठं अंगण. मग त्याहून मोठं. भूखंड साधारण ४५ चौरस मीटरपासून पुढे. घरांच्या भिंती शेजाऱ्याशी शक्यतो सामाईक नाहीत, म्हणजे ज्याला जमेल तसं त्याने वाढवावं. बांधायला गावचा गवंडी पुरेसा असावा, हाही हेतू होता. आज तिथे गेलं तर मूळ कौलारू घरं मोजकीच दिसतात. बाकीची पाडून लोकांनी दोन-तीन मजली बांधली आहेत. विद्यार्थी जातात, शिल्लक असलेलं मूळ घर शोधतात, त्याचा फोटो काढतात आणि त्याचाच प्लॅन शीटवर लावतात. खरं शिक्षण बदललेल्या घरांत आहे. अंगणं बऱ्याच अंशी टिकली, घरं टिकली नाहीत, असं का झालं? कुणी जिना बाहेरून काढला, कुणी पडवी खोलीत घेतली, पावसाने कोणत्या भिंतीला ओल आली? कोपरखैरणे-घणसोलीच्या माथाडी वसाहतींतही हेच प्रश्न वेगळ्या घाईने सुटलेले दिसतील. ही बदललेली घरं मोजणारा प्रबंध मला शंभर नव्या वसाहतींच्या रेखाटनांहून मोलाचा वाटतो.

आता कॅम्पसकडे. या प्रश्नाचे आदर्श ठरलेले आहेत. अभ्यासदौरा अहमदाबादला जातो, चंदीगडला जातो, पुण्यात विद्यापीठाच्या आवारात कोरियांनी केलेली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था पाहून येतो. अच्युत कानविंदे मूळचे सिंधुदुर्गातल्या आचऱ्याचे. त्यांचा आयआयटी कानपूरचा कॅम्पस आणि इमारतींना जोडणारे तिथले वरचे पादचारी मार्ग हाही नेहमीचा दाखला. हे सगळं पाहायलाच हवं. मात्र अहमदाबाद, कानपूर आणि पुणे यांपैकी एकाही ठिकाणी पनवेलचा पाऊस नाही. इथे जून ते सप्टेंबर एवढ्या काळात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो आडवा येतो. उघडं अंगण चार महिने वापरता येत नाही, दीड मीटरचा व्हरांडा आतपर्यंत भिजतो, सपाट गच्चीवर तिसऱ्या वर्षी पत्र्याची शेड चढते. नवी मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या माथ्यावर दिसणाऱ्या त्या निळ्या-हिरव्या शेडचं कारण एवढंच की वळचण काढायची राहून गेली आणि पागोळ्या कुठे पडतील याचा विचार झाला नाही. विद्यार्थ्यांच्या कॅम्पसमध्ये हीच चूक मी पुन्हा पुन्हा पाहते. ‘कोर्ट’ असतं, ‘स्पाइन’ असते, ‘ॲम्फी’ तर असतेच; पण जुलैतल्या दुपारी वसतिगृहातून ग्रंथालयात कोरडं जाता येईल का, हा प्रश्न ज्युरीत क्वचित कुणी विचारतं.

निवाऱ्याची गोष्ट अधिक गंभीर आहे.

महाराष्ट्रात या विषयाचा मोठा पाठ ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लिहिला गेला. किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसं गेली. तेव्हाच्या भूकंप नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. माणसं मारली ती घरांनी: मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या जाड भिंती आणि वर लाकडी तुळयांवर वर्षानुवर्षं चढत गेलेला मातीचा थर, म्हणजे माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच छप्पर झोपलेल्या माणसांवर आलं. त्यानंतर लोकांनी पत्र्याच्या शेडमध्ये काही वर्षं काढली आणि ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. घरांचं क्षेत्रफळ जमीनधारणेवर ठरलं: २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट. गल्ल्या-बोळांच्या दाट गावाऐवजी सरळ रस्त्यांची, लांबवर पसरलेली वसाहत मिळाली. एका ठिकाणी तर घुमटाकार घरं आली. घुमटाला खोली जोडता येत नाही, हे राहायला गेल्यावर कळलं. भूकंपाला घाबरलेल्या माणसाने नव्या घराशेजारी पुन्हा पत्र्याची पडवी काढली, गोठा काढला, चूल बाहेर आणली. निवाऱ्याच्या रचनेबद्दल यातून शिकण्यासारखं इतकं आहे की तीन सत्रं पुरणार नाहीत.

नवी मुंबईच्या अगदी जवळचं उदाहरण १९ जुलै २०२३ च्या रात्रीचं. पनवेलच्या पुढे, खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडी या ठाकर वस्तीवर दरड आली. तिथे गाडीरस्ता नव्हता. बचाव पथकं भर पावसात चिखलातून डोंगर चढून गेली. वाचलेल्या कुटुंबांना चौकजवळ कंटेनरच्या खोल्यांत ठेवलं गेलं आणि कायमची वसाहत बांधण्याचं काम सिडकोकडे आलं. जी माणसं कारवीच्या कुडाच्या, शेणामातीने लिंपलेल्या घरात राहत होती, अंगणात शेळ्या-कोंबड्या आणि पलीकडे नाचणीचं वरकस, ती एका रात्रीत लोखंडी पेटीत आली. पहिल्या आठवड्यात ती पेटी कोरडी होती, दाराला कडी होती, दिवा होता. त्या घडीला तेच मोठं होतं. पण एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याची खोली कशी तापते, दोन खोल्यांमधल्या जागेत बायकांना बसायला सावली आहे का, चूल कुठे पेटवायची, शेळी कुठे बांधायची, मेलेल्यांचे दिवस कुठे घालायचे? हे प्रश्न स्पर्धेच्या पोस्टरवर येत नाहीत.

पोस्टरवर काय येतं, तेही सांगायला हवं. घडी घालता येणारा निवारा, हेलिकॉप्टरने टाकता येणारा निवारा, षट्कोनी खोल्यांचं मधाचं पोळं, छत्रीसारखी उघडणारी चौकट. मुलांची बुद्धी आणि कष्ट यांबद्दल मला तिळमात्र शंका नाही. सांधे फार हुशारीने जुळवलेले असतात. पण ही सगळी रचना पहिल्या रात्रीसाठी असते. पहिल्या रात्री माणसाला ताडपत्री, कोरडी जमीन आणि शेजारी ओळखीचा माणूस लागतो, आणि हे गावाने अन् शासनाने तोवर पुरवलेलं असतं. वास्तुरचनाकाराची खरी गरज तिसऱ्या पावसाळ्यात असते, जेव्हा पत्रा गंजू लागतो, मुलीचं लग्न ठरतं, एक खोली वाढवायची असते आणि कायमचं घर अजून झालेलं नसतं. मुंबईत संक्रमण शिबिरांत पिढ्या मोठ्या झाल्या, हे आपल्याला नवं नाही.

जगातली ज्यांची नावं घेतली जातात त्यांच्याकडूनही हाच धडा घेता येतो. जपानच्या शिगेरू बान यांनी १९९५ च्या कोबे भूकंपानंतर कागदी नळ्यांची घरं केली. पाया होता वाळू भरलेल्या बिअरच्या क्रेटांचा. २००१ मध्ये हीच कल्पना भूजला आली तेव्हा त्यांनी क्रेट सोडले, पडलेल्या घरांचा राडारोडा पायात घातला, जमीन मातीची केली, छपराला बांबूच्या कामट्या आणि चटया वापरल्या. बहुतेक विद्यार्थी कागदाची नळी उचलतात. उचलायला हवा तो क्रेटपासून राडारोड्यापर्यंतचा बदल. रायगडात त्या जागी काय येईल? कोकणातला माणगा बांबू आहे, तो बोरॅक्स-बोरिकच्या द्रावणात मुरवला तर भुंगा लागत नाही. जांभ्याचे चिरे आहेत. कुडाची भिंत आहे, जी दरडीत चिरडत नाही असं नाही, पण विटेच्या भिंतीइतकी अंगावर येत नाही. आणि ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ आठवायचं: श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात घरोघरचे पत्रे उडाले, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. तेव्हा हलकं छप्पर म्हणजे सुरक्षित छप्पर, हेही अर्धसत्य आहे. हलकं छप्पर वाशांशी आणि भिंतीशी घट्ट बांधलेलं हवं. हा जोड एक-एक प्रमाणात काढून दाखवणारी शीट मला कुठल्याही त्रिमिती चित्राहून अधिक बोलकी वाटेल.

विद्यार्थ्याचं काम कागदाबाहेर पडूच शकत नाही, असं मुळीच नाही. ॲना हेरिंगर या तरुणीने ऑस्ट्रियात लिंझला शिकताना पदवीचा प्रबंध म्हणून बांगलादेशातल्या रुद्रपूर गावासाठी माती-बांबूची शाळा काढली. त्याआधी ती बांगलादेशात जवळपास वर्षभर राहिली होती. २००५ मध्ये गावकऱ्यांच्या हातांनी शाळा उभी राहिली आणि २००७ मध्ये तिला आगाखान पुरस्कार मिळाला. आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि प्रभादेवीच्या रचना संसदेच्या ॲकॅडमी ऑफ आर्किटेक्चरमधल्या मुलांनी मिळून सौरऊर्जेवर चालणारं घर बांधलं आणि २०१४ मध्ये फ्रान्समध्ये व्हर्साय इथल्या सोलर डिकॅथलॉन युरोप स्पर्धेत उभं केलं. २०२० मध्ये सुरू झालेल्या सोलर डिकॅथलॉन इंडियात तर शैक्षणिक इमारत आणि आपत्तीतला सामूहिक निवारा असे दोन्ही विभाग शेजारी-शेजारी आहेत आणि प्रत्येक संघाला प्रत्यक्षातला एखादा बांधकाम प्रकल्प भागीदार म्हणून घ्यावा लागतो. ही अट मला फार मोलाची वाटते. खर्चाचा आकडा खोटा लिहिता येत नाही. विद्यार्थ्यांची देशव्यापी संघटना ‘नासा’ दरवर्षी ज्या स्पर्धा घेते, त्यांतली लुई कान ट्रॉफी दस्तऐवजीकरणासाठी आहे आणि स्थानिक साहित्याने स्वस्त घरं बांधणाऱ्या लॉरी बेकर यांच्या नावाचीही ट्रॉफी आहे. मोजणं आणि हाताने बांधणं, दोन्हींना तिथे मान आहे. महाविद्यालयाच्या गुणपत्रिकेत तो पुरेसा उतरलेला नाही.

कॅम्पस आणि निवारा या दोन टोकांना जोडणारं काम नवी मुंबईतच समोर पडलेलं आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच पुरात गाढी नदीने पनवेलमध्ये हाहाकार केला. २०२० मध्ये वाशीचं सिडको प्रदर्शन केंद्र कोविड रुग्णालय झालं. म्हणजे इमारती आपत्तीत वेगळं काम करतातच. ते आधी आखलेलं नसतं एवढंच. एक साधं गणित करून पाहा. आपत्तीतल्या निवाऱ्यासाठी ‘स्फिअर’ हे आंतरराष्ट्रीय मानक माणशी किमान साडेतीन चौरस मीटर छपराखालची जागा सांगतं. सहा बाय आठ मीटरचा वर्ग म्हणजे ४८ चौरस मीटर, त्यात तेरा माणसं. दहा वर्गांच्या शाळेत एकशे तीस. वर्गात चाळीस-पन्नास माणसं दाटीने बसवली की काय होतं, ते रात्री आजारी म्हाताऱ्याला आणि तान्ह्या बाळाला कळतं. सुरुवातीच्या धावपळीत पन्नास माणसांमागे एक शौचालय आणि नंतर वीस माणसांमागे एक, पाणी माणशी दिवसाला किमान पंधरा लिटर. शाळेची टाकी किती लिटरची आहे? ती भरायला वीज लागते का? पुराच्या पाण्यात तळमजला गेला तर वरच्या मजल्यावर स्वच्छतागृह आहे का? रात्री बायका-मुलींना तिथपर्यंत उजेडात जाता येईल का? व्हीलचेअर चढेल का?

ही प्रश्नावली घेऊन तिसऱ्या वर्षाची एक बॅच एका सत्रात पंधरा-वीस शाळा मोजू शकेल. मेझर्ड ड्रॉइंग आणि निवारा एकाच कामात शिकून होईल, आणि शाळेची रचना करायला घेतलेल्या विद्यार्थ्याला आपल्या वर्गाचं माप का वाढवायचं याचं खरं कारण मिळेल. जिथे वर्गाबाहेर अडीच मीटरचा व्हरांडा दिला, तिथे आपत्तीत आणखी काही कुटुंबांची सोय होते, आणि एरवी मुलं पावसात तिथे खेळतात. अशी इमारत काढणं कॅम्पसच्या प्रश्नाहून कमी दर्जाचं नाही. उलट त्याला जास्त कौशल्य लागतं.

प्रबंधांबद्दल एक विनंती. पाचव्या वर्षाचे प्रबंध बांधणी होऊन ग्रंथालयाच्या कपाटात जातात. त्यांत रायगड-ठाण्याची गावं, जेट्या, पाडे, तळी यांची जी माहिती मुलांनी पायी फिरून गोळा केलेली असते, ती दुसरीकडे मिळणार नाही. ते सगळं इंग्रजीत असतं. ज्या गावाची माहिती, त्या गावाला ते वाचता येत नाही. प्रत्येक प्रबंधासोबत मराठीत दोन पानं आणि एक मराठी नावांचा नकाशा ग्रामपंचायतीला द्यायची अट घातली, तर खर्च काहीच नाही. ज्युरीलाही त्या गावची एखादी अंगणवाडी ताई, एखादा सरपंच, एखादा गवंडी बोलवावा. त्यांचे प्रश्न ऐकून मुलं कधी विसरणार नाहीत.

नवी मुंबई आणि पनवेल या दोन्ही महापालिकांनी आपापल्या हद्दीतल्या शाळांच्या याद्या आणि उपलब्ध नकाशे इथल्या महाविद्यालयांना द्यावेत. महाविद्यालयांनी एका सत्राचा डिझाइन स्टुडिओ या कामाला द्यावा, गुणांसकट. सत्र डिसेंबर-जानेवारीत सुरू होतं, पाऊस जूनमध्ये येतो. मधल्या पाच महिन्यांत हे काम पुरं होऊ शकतं, आणि पहिल्या पावसाआधी प्रत्येक प्रभाग कार्यालयाच्या भिंतीवर त्या प्रभागातल्या शाळांचा मोजलेला नकाशा लावता येतो.